अकरा लाल चिठ्ठ्यांची गाडी

प्रथम क्षमा मागते. लेखन हा माझा प्रांत नाही. एकोणतीस वर्षे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले, तेही हिंदीतून. फळ्यावर समीकरणे लिहिली आणि तास संपताना स्वतःच पुसली. लिहिलेले पुसले जायचेच असते, या सवयीच्या माणसाने मागे राहील असे काही लिहावे, हे धाडसच आहे. त्यातून विषय मोटारीच्या तेलाचा. ज्यांना मोटारीतले कळते ते हसतील आणि ज्यांना वाङ्मयातले कळते ते पान उलटतील. आमच्या भिलाईत मराठी घरापुरती उरली आहे, तीही नागपुरी वळणाची आणि हिंदीत भिजलेली. मी अशी पुस्तकी मराठी लिहायला बसले की आमचे यजमान मागून वाकून पाहतात आणि म्हणतात, "तू तं अर्ज लिहून राहिली." तेव्हा वाचकांनी हा अर्जच समजावा आणि चुका पोटात घालाव्यात.

आमच्याकडे एक जुनी विलायती गाडी आहे. दोनच माणसांची, बुटकी, वरून उघडी, औषधाच्या बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगाची. तिच्या काळी ती शर्यतीच्या जातीची समजली जाई. यजमान इथल्या पोलाद कारखान्यात रोलिंग मिलच्या देखभाल विभागात होते. मूळचे तुमसरकडचे, धानाच्या शेतीतले; त्यांच्या वडिलांच्या दारात बैलबंडीपलीकडे वाहन उभे राहिले नव्हते. अशा घरातल्या माणसाने रायपूरच्या एका बंद पडलेल्या राइस मिलच्या कोपऱ्यातून, पोत्यांच्या ढिगाखालून ही गाडी काढून आणली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "दोघंच बसते म्हणते, मंग लेकरं काय टपावर बसवशीन? टप बी तं नाई इले!" यजमानांनी आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी करत ती दोन वर्षांत चालती केली. तेव्हा आम्ही भिलाईच्या हुडको वसाहतीत राहत होतो. संध्याकाळी ती बाहेर निघाली की दुकानांच्या ओळीतले लोक हातातला हिशेब सोडून पाहत. मी शेजारच्या जागेवर असे. माझ्याकडे दोन कामे होती: पदर सांभाळणे आणि गाडी बंद पडली की धक्का मारायला उतरणे.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही जवळच बोरसीत घर बांधले. पुढे यजमानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचे दिसते, पण नळीतून पाहावे तेवढेच, कडा गेल्या. डॉक्टरांनी गाडी चालवणे बंद करायला सांगितले. ते घरी आले, हिरव्या गाडीवर ताडपत्री घातली, चारही कोपऱ्यांना दोरी बांधली, आणि त्यानंतर तीन वर्षे त्या ताडपत्रीला हात लावला नाही.

त्यांना तपासणीसाठी न्यायला कोणीतरी हवे, म्हणून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी घरातली दुसरी, साधी छोटी गाडी शिकले. शिकवणारा माणूस मला 'आंटी, क्लच' एवढे दोनच शब्द दिवसभर म्हणत असे. पण शिकले. आणि रोज ती छोटी गाडी पोर्चमधून मागे घेताना आरशात ताडपत्रीचा तो बुटका उंचवटा दिसे. मनात एक गोष्ट येई, जी मी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी वाटतही नव्हती.

मागच्या हिवाळ्यात यजमानांना वाटले की इंजिन एकदा सुरू करून पाहावे. गंजून जाम झाले तर कायमचे गेले. मदतीला त्यांचे जुने मित्र आले. ते भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत राहतात. रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले, स्वभावाने मोकळे, आवाजाने त्याहून मोकळे. फाटकातूनच त्यांचा "जय भीम, वयनी! चाय ठेवा!" असा पुकारा येतो आणि यजमानांचा "राम राम" त्यात बुडून जातो. दोघांनी मिळून जुने तेल काढले. नवे घालताना यजमानांनी दुकानातले सर्वांत भारी, सर्वांत नवे, पूर्ण सिंथेटिक तेल आणले. म्हणाले, "म्हातारीले चांगलंचुंगलं खाऊ घालाव." गाडी सातव्या प्रयत्नाला सुरू झाली. दोघे लहान मुलांसारखे टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी पोर्चच्या फिकट फरशीवर थाळीएवढे तेल पसरले होते.

ही गाडी पूर्वीही ठिपके टाकत असे. पण हे ठिपके नव्हते. कॉलनीला एक फेरी मारली तरी तेल मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेपासून अर्ध्यापर्यंत पातळी उतरे. (फेरी मित्र मारत, यजमान बाजूला बसत आणि त्यांना 'बैल हाकून राहिला काय' म्हणत.) आणि मग यजमानांनी ते केले जे आयुष्यभर मिलमध्ये केले होते.

मिलमध्ये रीत अशी होती की जिथे कुठे तेलाची, वाफेची, पाण्याची गळती दिसेल, तिथे लाल चिठ्ठी बांधायची. तिच्यावर क्रमांक, तारीख, पाहणाऱ्याची सही. मग फिटर येणार, तो जोड आवळणार, आणि चिठ्ठी सोडून जमा करणार. यजमानांनी घरी लाल पुठ्ठा आणला, माझ्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला आणि गाडीच्या इंजिनाला चिठ्ठ्या बांधल्या. एक, दोन करत अकरा. वरच्या टॅपेट कव्हरला तीन, पुढच्या झाकणाला दोन, खालच्या तेलाच्या टाकीला चार, फिल्टरला एक, आणि पट्टी जिथे आत जाते त्या भोकाला एक. इंजिन लग्नातल्या मांडवासारखे दिसू लागले. मग ते मोठा पाना घेऊन एकेक नट आवळू लागले. त्यांच्या मनगटात अजून मिलचा जोर आहे. पोलादी नळांच्या जोडावर जो जोर लागतो, तोच जोर त्यांनी जोडांमधल्या बुचाच्या मऊ पॅकिंगवर लावला. दर आवळणीनंतर गळती वाढत गेली.

"अजून अर्धा आटा," ते म्हणत.

"भाऊ, दोन दिवसांपासून अर्धा अर्धाच चालू हाये तुझा," मित्र म्हणत. "आता नट तिकडून बाहेर निघन."

अकरातली एकही चिठ्ठी सुटली नाही. पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी यजमान जेवणाच्या टेबलावर, भाजीकडे पाहत म्हणाले, "राजनांदगाव रोडवरचा तो हॉटेलवाला मांगून राहिला गाडी. दारासमोर ठेवतो म्हणते, शोभेसाठी. इंजिन काढून घेते अन् बोनेटमधी फुलांच्या कुंड्या लावते. रविवारी ट्रॉली पाठवतो म्हणे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणलो. काय करू? आपल्या दोघांत चालवणारं कोन हाये?"

वर्गात चाळीस मुलांसमोर बोलले आहे, पण घरात स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. वरणाची वाटी पुढे सरकवली. परत मागे घेतली. मग मी म्हणाले, "मला चालवायची आहे."

"काय?"

"ती. हिरवी. मला चालवायची आहे."

त्यांनी माझ्याकडे मान वळवून, नळीच्या मधोमध मला आणून, पाहिले. "कवापासून?"

"हुडकोपासून."

त्यांनी ताट बाजूला सरकवले. मग म्हणाले, "पयले सांगतलं असतं तं..." आणि थांबले. "पन तेल? असं तेल सांडवत जाशीन तं शिवनाथच्या पुलावर इंजिन बसन. मले वाईट वाटन ते वाटन, तुले काही झालं तं?" हे खरे होते, आणि त्यांच्या आवाजात टवाळी नव्हती. शेवटी ठरले असे: रविवारच्या आत गळती आटोक्यात आली, आणि गाडी राजनांदगावच्या रस्त्याला जाऊन येईपर्यंत तेलाने साथ दिली, तर ट्रॉलीला नकार द्यायचा. नाहीतर कुंड्या.

त्या दिवशी सोमवार होता.

मी मोटारीतली नव्हे, पण द्रवांच्या स्वभावाची थोडी ओळख मला आहे. पहिला प्रश्न तेलाचाच घेतला. डब्यावर जे दोन आकडे असतात, त्यांतला पहिला थंडीतल्या वाहण्याचा आणि दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा. यजमानांनी आणलेले होते पाच-तीस. असे तेल बर्फाच्या प्रदेशात पहाटे चटकन धावते आणि नव्या इंजिनांच्या बारीक फटींसाठीच बनवलेले असते. आमच्या गावात उन्हाळ्यात पोर्चमधली फरशी अनवाणी पायाला चटका देते. इथे बर्फातल्या पहाटेची काळजी कोणाला? उलट जुन्या इंजिनाच्या फटी रुंद असतात, आणि पातळ तेल त्यांतून चाळणीतून ताक जावे तसे जाते. शिवाय नव्या तेलात साफ करणारी द्रव्ये भरपूर. वर्षानुवर्षे साचलेला जो काळा गाळ काही फटी बुजवून बसला होता, तो या तेलाने इमानदारीने धुऊन काढला असणार. तिसरी गोष्ट मला वाचनातून कळली. या जातीच्या इंजिनात धातूवर धातू घासत चालणारे भाग असतात आणि त्यांना तेलातल्या जस्ताच्या एका संयुगाचा आधार लागतो. नव्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात ते कमी ठेवतात, कारण धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणाला ते मानवत नाही. आमच्या गाडीला ते उपकरणच नाही. म्हणजे सर्वांत भारी म्हणून जे आणले, ते सर्वांत परके होते.

तेव्हा हवे होते वीस-पन्नास, साधे खनिज तेल, जस्त राखून असलेले. हे मी मित्रांना सांगितले.

"वयनी, माझं ऐका," ते म्हणाले. "आमच्या लोकोत सरळ चाळीस नंबर टाकत होतो. बाकी आकडेबिकडे नाई. टाका चाळीस!"

"भाऊजी, तुमच्या लोकोचं इंजिन दिवसभर बंद होत नसे. आमची गाडी सकाळी थंड असताना सुरू होणार. एकच आकड्याचं दाट तेल पहिले काही क्षण वर चढणारच नाही, आणि तेवढ्यात वरचे भाग कोरडे घासतील."

ते यजमानांकडे वळले. "भाऊ, ही कवापासून बोलाले लागली?"

"सोमवारपासून," यजमान म्हणाले.

दुकानात मला जायला लाज वाटली, तरी मी एकटीच गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारले, "मैडम, कौन सी गाड़ी में डालना है?" मी सांगितले. त्याने आत जाऊन दुसऱ्याला बोलावले, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिघे मला पाहू लागले. वीस-पन्नास मिळाले. वर त्यांनी एक छोटी बाटली पुढे केली: गळती थांबवणारे औषध, तेलात ओतायचे, झाले. मी मागची बारीक अक्षरे वाचली. रबर फुगवणारे द्रव्य होते. आमच्या गाडीत बहुतेक जोडांवर रबर नाहीच, बूच आणि कागद आहे. आणि जिथे रबर आहे ते फुगवून फुगवून शेवटी मऊ होऊन कुजते. मी बाटली परत केली. "जी नहीं," एवढेच म्हणाले, पण ते मी काउंटरवर म्हटलेले पहिले ठाम 'नहीं' असावे.

मंगळवारी तेल बदलले. बुधवारी फेरी मारली. गळती निम्मी झाली.

निम्मी म्हणजे पुरेशी नव्हे. राजनांदगावला जाऊन येण्याच्या अंतराला अजूनही इंजिन कोरडे पडले असते. बुधवारी संध्याकाळी मी पोर्चच्या पायरीवर बसून त्या अकरा चिठ्ठ्यांकडे पाहत होते आणि कबूल करते की मला रडू येत होते. यजमान बाजूला येऊन बसले. म्हणाले, "जाऊ दे. कुंड्यांत गुलाब लावाले सांगू त्याले." त्यांनी हे मला बरे वाटावे म्हणून म्हटले होते. मला मुळीच बरे वाटले नाही.

गुरुवारी मी गळती कुठून सुरू होते ते नीट पाहायचे ठरवले. आवळायच्या आधी पाहायचे, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. इंजिन रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडे ठणठणीत केले आणि त्याच्यावर माझ्या टाल्कम पावडरचा सबंध डबा उधळला. इंजिन पांढरेधोप झाले. मित्र म्हणाले, "नवरीच दिसून राहिली!" मग गाडी जागेवरच सुरू केली. पावडरीवर तेलाचा माग ताबडतोब दिसतो. माझी अपेक्षा होती की एका जागी काळी रेघ उमटेल आणि ती चोर ठरेल.

तसे झाले नाही. पाच मिनिटांत पुढून, वरून, खालून, सगळीकडून एकाच वेळी ओल फुटली. आणि पट्टी, जी आपल्या भोकात घट्ट बसलेली असते, ती हळूच बोटभर वर आली. कोणी हात लावला नव्हता.

मला तिथे उभ्या उभ्या माझी शाळा दिसली. चंबू, त्याच्या तोंडाला बूच, बुचातून काचेची नळी, वायू नळीतून बाहेर. दरवर्षी एखाद्या मुलाची नळी तुंबते आणि बूच फटकन छताला लागते. मुलगा दरवेळी काय करतो? बूच आणखी घट्ट दाबतो. आणि मी एकोणतीस वर्षे दरवेळी काय म्हणाले? "बूच मत देखो, बेटा. नली देखो."

अकरा चिठ्ठ्या म्हणजे अकरा बुचे होती. मिलच्या रीतीत प्रत्येक गळतीची स्वतंत्र चिठ्ठी, स्वतंत्र सही, स्वतंत्र आवळणी. अकराही जोड एका वेळी का हरले, हे विचारायला त्या चिठ्ठीत रकानाच नव्हता. मिलमध्ये तो लागतही नसेल. तिथले जोड एकमेकांना ओळखत नाहीत. इथे सगळे एकाच डब्याचे होते आणि डबा आतून फुगला होता.

मी घरातून रबरी हातमोजा आणला, भांडी घासायचा, गुलाबी. तेल ओतायचे झाकण काढून तो तोंडावर चढवला आणि दोऱ्याने बांधला. मित्रांना म्हटले, सुरू करा. हातमोजा आधी थरथरला. मग अंगठा उभा राहिला. मग करंगळी. मग पाचही बोटे ताठ झाली आणि तो हिरव्या गाडीच्या बोनेटखालून आम्हाला हात दाखवू लागला.

"माय वो!" मित्र ओरडले. "हे तं सलाम करून राहिलं!"

"काय झालं? मले दिसून नाई राहिलं, काय झालं?" यजमान विचारत होते. मी त्यांचा हात धरून त्या हातमोज्यावर ठेवला. त्यांनी दाबून पाहिले. तो परत उभा राहिला. त्यांचे आयुष्य दाबाच्या नळांत गेले आहे; त्यांना पुढचे सांगावे लागले नाही.

"याचा ब्रीदर कोंडला," ते हळूच म्हणाले. "अन् मी पाना घेऊन बसलो."

इंजिनाच्या आत जो थोडा धूर उतरतो, त्याला बाहेर जायला एक लोखंडी नळी असते, मागे खाली वळलेली; तोच ब्रीदर. इंजिन जागेवर चालूच ठेवून मी फरशीवर पोते टाकले आणि गाडीखाली सरकले. साठीच्या बाईने साडी खोचून गाडीखाली जाणे बोरसीत रोज घडत नाही. शेजारच्या गच्चीवर दोन डोकी दिसली होती. नळीच्या तोंडात बोट घातले. तोंड नव्हते. विटेसारखे काहीतरी घट्ट होते. सायकलच्या चाकातल्या तारेने टोचत टोचत मी ते काढले, आणि माझ्या तोंडावर वाळक्या मातीचे तुकडे पडले. त्यात वाळलेले कोळी होते. कुंभारमाशीने तीन वर्षे ताडपत्रीखाली निवांतपणे त्या नळीत थरावर थर देऊन घर बांधले होते. शेवटचा खडा पडला तेव्हा नळीतून जो फुसकारा निघाला, तो मी अजून विसरलेले नाही. वरून मित्रांचा आवाज आला: "पडला! हातमोजा पडला!"

आता राहिले बुचाचे पॅकिंग, जे मिलच्या मनगटाने चिरडले होते. टॅपेट कव्हरचा काठही वाकला होता. तो यजमानांनी लाकडी ठोकळ्यावर बोटांनी चाचपत, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी असा सरळ केला की मला डोळ्यांनी जमले नसते. खालच्या टाकीचे आणि पुढच्या झाकणाचे नटही त्यांनी एकेक सैल करून, नुसत्या मुठीच्या जोराने परत बसवले. मग टॅपेट कव्हरचे नवे पॅकिंग मी कोमट पाण्यात भिजवले, पुसले, बसवले. नट लावायची पाळी आली. सवयीने त्यांनी पाना उचलला.

"दोन बोटांनी," मी म्हणाले. "बूच नुसतं टेकलं पाहिजे. पिळायचं नाही."

त्यांनी दोन बोटांनी फिरवले. थांबले. मनगट वळवळले. "अजून अर्धा आटा?"

"नाही."

"पाव?"

"नाही."

मित्र गालात हसत होते. "भाऊ, ठेव तो पाना. मास्तरीन हाये, अंगठे धरून उभं करन."

यजमानांनी पाना फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. एकामागून एक अकरा चिठ्ठ्या त्यांनी स्वतः सोडल्या, स्वतःच सही केली आणि 'काम पूर्ण' असे लिहिण्याऐवजी काय लिहिले ते मी इथे सांगत नाही, संकोच वाटतो.

शनिवारी फेरी झाली. खाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर चार थेंब. चार! मागच्या बाजूचे होते. या इंजिनाला मागे सील नसतेच. आतल्या फिरत्या दंडावरच्या पेचदार खाचा तेल परत आत फेकतात आणि गाडी थांबली की एखाददुसरा थेंब सुटतो. तो तिचा स्वभाव आहे. तेवढ्याचे पॅकिंग शोधत बसणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला का खोकतोस म्हणून विचारणे.

रविवारी सकाळी सात वाजता मी हिरव्या गाडीत, उजव्या बाजूला बसले. एवढी वर्षे मी तिच्या डाव्या बाजूने जग पाहिले होते. दीड हातावर जागा बदलली आणि सगळे निराळे झाले. स्टिअरिंग पातळ, लाकडी, अपेक्षेपेक्षा जड. गिअर एका ठाम धक्क्याने बसतो, पण बसतो. बसणे इतके खाली की हायवेवर ट्रक बाजूने गेला की त्याच्या चाकाचे नट माझ्या डोळ्यांसमोर फिरतात. पहिली पाच मिनिटे मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. शेजारी यजमान माझ्या जुन्या जागेवर. उन्हात त्यांना तेलाच्या दाबाचा काटा सापडत नव्हता, म्हणून ते विचारत राहिले.

"किती?"

"साठ."

"थंडा हाये अजून. आता किती?"

"पंचेचाळीस."

शिवनाथच्या पुलावर वारा आडवा आला आणि माझा पदर उडून त्यांच्या तोंडावर बसला. त्यांनी तो बाजूला केला, घडी करून स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला आणि म्हणाले, "तू समोर पाय. हे काम आता माझं. किती?"

"चाळीस. स्थिर आहे."

"मंग दाब ना जराशी! शर्यतीची गाडी हाये, पालखी नाई."

मी दाबले. इंजिनाचा आवाज वर चढला, गाडी पुढे झेपावली, आणि माझ्या तोंडून जे निघाले ते हसणे होते की ओरडणे, मला सांगता येणार नाही. रस्त्याच्या कडेला सायकलवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने आम्हाला पाहून हात उंच केला. मीही केला. एका हाताने, चालत्या गाडीत! घरी हे सांगायचे नाही, असे मी स्वतःला बजावले, आणि मग लक्षात आले की घर शेजारीच बसले आहे आणि तेही हसते आहे.

राजनांदगावच्या अलीकडे ते हॉटेल आले. दारासमोर चौथरा बांधून तयार होता, चुना मारलेला. बाजूला ट्रॉली उभी होती. आमच्याकडेच निघायची असावी. मी गाडी वळवून चौथऱ्याशेजारी, झाडाखाली लावली. मालक लगबगीने बाहेर आले. सभ्य गृहस्थ आहेत, त्यांचा काही दोष नव्हता.

"अरे मैडम, आपने क्यों तकलीफ की? ट्रॉली भेज ही रहे थे. छोड़ने आई हैं ना?"

मी यजमानांकडे पाहिले. सवयच तशी. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मेरे से मत पूछो साहब. गाडी इनकी है."

"जी नहीं," मी म्हणाले. "चाय पीने आए हैं."

चहा आला. तो निवेपर्यंत मी बोनेट उघडले, पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. तेल वरच्या खुणेच्या नखभर खाली होते, मधासारखे, स्वच्छ. मालकही येऊन पाहू लागले. मग त्यांचा आचारी. मी त्यांना दोन आकड्यांचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी विचारला होता म्हणूनच. आम्ही परत निघालो तेव्हा ट्रॉली तिथेच होती. बोरसीत पोहोचल्यावर पट्टी पुन्हा पाहिली. पातळी तीच होती, नखभर खाली.

आता यजमान म्हणतात की तुमसरला जाऊ. सासूबाई नाहीत, पण दीर आहेत, आणि टप नसलेली ही गाडी एकदा त्या अंगणात उभी राहिली पाहिजे. मी हो म्हटले आहे. माझी तयारी आहे, तेलाचा जादा डबाही आणून ठेवला आहे. एकाच गोष्टीची मला खात्री नाही, आणि ती विचारण्यासाठीच कदाचित मी हे सारे लिहायचे धाडस केले. वाचकांपैकी कोणी अशी जुनी गाडी भर एप्रिलमध्ये, तुमसरच्या वाटेवरच्या देवरी गावाच्या अलीकडच्या जंगलातल्या चढावरून नेली आहे का, आणि तेव्हा वीस-पन्नास पुरले होते का?